विमानाचा स्थान-अहवाल कसा पडताळावा: एडीएस-बी नोंदी तपासण्याचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

एडीएस-बी (विमान आपले स्थान रेडिओवरून सतत प्रसारित करते ती प्रणाली) संदेशातून आलेले अक्षांश-रेखांश नकाशावर मांडायचे, शेजारी रडारचा ठिपका मांडायचा आणि दोहोंतील अंतर पाहून अहवाल बरोबर की चूक असा शेरा मारायचा, ही पद्धत बरीच रूढ आहे. अशी तुलना बहुतेक वेळा फसते, कारण ती सर्वांत शेवटी करायची असते आणि आपण तिच्यापासूनच सुरुवात करतो. दोन ठिपके वेगवेगळ्या क्षणांचे असतात, एकाच्या रेखांशाचे डिकोडिंग चुकलेले असते, किंवा ज्याला 'दुसरा स्रोत' समजले तो पहिल्याच स्रोतावर पोसलेला असतो.

एडीएस-बी अहवाल म्हणजे विमानाने स्वतःच्या स्थानाविषयी केलेले विधान. जमिनीवरचा रिसीव्हर हे विधान ऐकतो, स्थान मोजत नाही. त्यामुळे पडताळणीच्या प्रत्येक टप्प्यावर विचारायचा प्रश्न असा, की हातातील पुरावा त्या विधानापासून खरोखर स्वतंत्र आहे का. पुढील क्रम १०९० मेगाहर्ट्झवरील संदेशांसाठी आणि नोंदवलेल्या विदेच्या विश्लेषणासाठी आहे. प्रत्यक्ष नियंत्रणकक्षात संशयित लक्ष्याचे काय करायचे, हे तेथील मान्यताप्राप्त कार्यपद्धतीच ठरवते.

तयारी: विश्लेषणाला बसण्यापूर्वी हाताशी काय हवे

मूळ संदेश हवेत, म्हणजे प्रत्येकी ११२ बिटांचा कच्चा संदेश आणि तो कोणत्या रिसीव्हरवर कोणत्या क्षणी पोहोचला याची नोंद. केवळ डिकोड झालेले अक्षांश-रेखांश असलेली फाइल मिळाली, तर पुढील टप्प्यांपैकी निम्मे करताच येत नाहीत, कारण चूक विमानाची की डिकोडरची हे त्या फाइलवरून सांगता येत नाही. प्रत्येक रिसीव्हरच्या आणि रडारच्या अँटेनाचे स्थान डब्ल्यूजीएस-८४ या जीपीएसच्या निर्देशांक-प्रणालीत, उंचीसह, लिहून ठेवावे. जुन्या सर्वेक्षणांतील निर्देशांक वेगळ्या संदर्भप्रणालीत असू शकतात आणि त्यामुळे येणारा शेकडो मीटरचा फरक नंतर नाहक विमानाच्या माथी मारला जातो. रडारचा दिगंश (दिशेचा कोन) खऱ्या उत्तरेपासून मोजलेला आहे की चुंबकीय उत्तरेपासून, हेही आधीच विचारून घ्यावे.

तुलनेसाठी निवडलेल्या स्रोताची वंशावळ तपासणे हा तयारीतील सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. अनेक केंद्रांत नियंत्रकाच्या पडद्यावर दिसणारा मार्ग रडार, मल्टिलॅटरेशन (एकच संदेश अनेक रिसीव्हरवर पोहोचण्याच्या वेळांतील फरकावरून स्थान काढणे) आणि एडीएस-बी यांच्या एकत्रीकरणातून तयार होतो. अ‍ॅस्टेरिक्स या देखरेख-नोंदींच्या प्रमाण स्वरूपातील ०६२ वर्गाच्या नोंदी अशा एकत्रित मार्गाच्या असतात. त्या मार्गाशी एडीएस-बी अहवाल जुळला, तर अहवाल बऱ्याच अंशी स्वतःशीच जुळला असा त्याचा अर्थ होतो. तुलनेसाठी ०४८ वर्गातील एकट्या रडारच्या किंवा ०२० वर्गातील मल्टिलॅटरेशनच्या नोंदी घ्याव्यात.

टप्पा १: आधी वेळ जुळवा

४८० नॉट (तासाला ४८० सागरी मैल) वेगाचे विमान एका सेकंदात सुमारे २४७ मीटर पुढे जाते. म्हणजे वेळेतील एका सेकंदाची चूक स्थानातील पाव किलोमीटरच्या चुकीसारखी दिसते, आणि हा फरक घड्याळाचा आहे हे नकाशा कधीच सांगत नाही.

१. सर्व नोंदी एकाच कालप्रमाणात आणा. काही रिसीव्हर यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) देतात, काही जीपीएस वेळ देतात. २०१७ पासून या दोहोंत १८ सेकंदांचा फरक आहे. वर दिलेल्या वेगाला हा फरक २.४ सागरी मैल इतका होतो.

२. नोंदीतील वेळ नेमकी कशाची आहे ते ओळखा. अ‍ॅस्टेरिक्सच्या ०२१ वर्गात स्थान लागू होण्याची वेळ ०७१ या घटकात, संदेश पोहोचल्याची वेळ ०७३ मध्ये आणि अहवाल पुढे पाठवल्याची वेळ ०७७ मध्ये असते. तुलनेसाठी पहिली किंवा दुसरी वेळ वापरावी. तिसरी वापरली, तर प्रक्रियेला लागलेला विलंब स्थानदोष म्हणून मोजला जातो.

३. मध्यरात्र ओलांडणाऱ्या नोंदी वेगळ्या काढा. अ‍ॅस्टेरिक्समध्ये वेळ मध्यरात्रीपासूनच्या सेकंदांत मोजली जाते, त्यामुळे ८६,४०० नंतर ती पुन्हा शून्यावर येते. तिची दुरुस्ती न केल्यास विमान एका दिवसाने मागे गेल्यासारखे दिसते आणि वेगाच्या सर्व चाचण्या कोसळतात.

तपासणी: एकाच विमानाचा एकच संदेश दोन रिसीव्हरवर आलेला शोधा. दोन्ही ठिकाणच्या वेळांतील फरक मिलिसेकंदांहून मोठा असेल, तर एका रिसीव्हरचे घड्याळ चुकलेले आहे. संदेश प्रकाशाच्या वेगाने जातो आणि ३०० किलोमीटर अंतरालाही त्याला एकच मिलिसेकंद पुरतो. हे घड्याळ दुरुस्त होईपर्यंत पुढे जाऊ नये.

टप्पा २: संदेश खरोखर जसाच्या तसा पोहोचला का

डाउनलिंक स्वरूप १७ (विमानाने स्वतः पाठवलेला एडीएस-बी संदेश) असलेल्या संदेशाच्या शेवटचे २४ बिट त्रुटीतपासणीसाठी असतात. तपासणीची बाकी शून्य आली तर संदेश घ्यावा, अन्यथा टाकून द्यावा. काही डिकोडर अधिक संदेश पदरात पाडून घेण्यासाठी चुकलेले बिट ओळखून दुरुस्त करतात. नकाशावर गर्दी दाखवायची असेल तर ही सोय ठीक आहे, पण पडताळणीसाठी ती बंद ठेवावी. विशेषतः दोन बिटांच्या दुरुस्तीतून अस्तित्वात नसलेल्या विमानांचे २४-बिटी पत्ते (विमानाची ओळख-संख्या) जन्माला येतात.

याच टप्प्यावर डाउनलिंक स्वरूप १८ चे संदेश बाजूला काढावेत. त्यांत जमिनीवरील केंद्राने स्वतःच्या देखरेखीतून बनवून पुन्हा प्रसारित केलेले अहवाल असू शकतात. ते विमानाचे विधान नसतात, आणि रडारवरून बनलेला अहवाल रडारशीच ताडून पाहण्यात काही अर्थ नाही.

टप्पा ३: अक्षांश-रेखांश योग्य रीतीने उलगडा

माझ्या मते 'विमान अचानक उडी मारून दुसरीकडे गेले' अशा तक्रारींचा मोठा भाग याच टप्प्यावर निकालात निघतो. हवेतील विमानाच्या संदेशात पूर्ण अक्षांश-रेखांश नसतात. प्रत्येकी १७ बिटांत केवळ एका पट्ट्यातील जागा सांगितलेली असते, आणि पट्टा कोणता हे सम व विषम अशा दोन प्रकारच्या संदेशांवरून काढावे लागते. सम संदेशात अक्षांशाचा पट्टा ६ अंशांचा, म्हणजे ३६० सागरी मैलांचा असतो. पट्टा चुकला की स्थान तेवढ्याच मोठ्या अंतराने चुकते.

१. पहिल्या स्थानासाठी सम आणि विषम संदेशांची जोडी लावा. हवेतील विमानासाठी दोहोंतील अंतर १० सेकंदांहून अधिक नसावे.

२. दोन्ही संदेशांतून निघालेले अक्षांश रेखांशपट्ट्यांच्या एकाच संख्येत बसतात का ते पाहा. विमान दोन अक्षांशक्षेत्रांची सीमा ओलांडत असताना ही संख्या बदलते. तेव्हा ती जोडी सोडून देऊन पुढील जोडीची वाट पाहावी.

३. जोडीतील जो संदेश नंतर आला, त्याचेच स्थान आणि त्याचीच वेळ नोंदवा. एकाचे स्थान आणि दुसऱ्याची वेळ अशी सरमिसळ हा नेहमीचा दोष आहे.

४. पहिले स्थान लगेच ग्राह्य धरू नका. वेगळ्या जोडीतून मिळालेले दुसरे स्थान त्याच्याशी सुसंगत असेल तरच मार्ग सुरू करा.

५. त्यानंतर आधीच्या स्थानाच्या आधारे एकेक संदेश उलगडता येतो. मात्र संदर्भस्थान प्रत्यक्ष स्थानापासून १८० सागरी मैलांच्या आत असले पाहिजे.

इशारा: या पाचव्या पायरीत सोयीसाठी रिसीव्हरचेच स्थान संदर्भ म्हणून घेऊ नये. ३५,००० फुटांवरील विमान सुमारे २३० सागरी मैलांवरूनही ऐकू येते. तेवढ्या अंतरावरील विमान १८० मैलांची मर्यादा ओलांडून गेलेले असते आणि डिकोडर त्याला मुकाट्याने रिसीव्हरच्या विरुद्ध बाजूला नेऊन ठेवतो. जमिनीवर धावणाऱ्या विमानांसाठी ही मर्यादा ४५ सागरी मैलांचीच आहे, आणि त्यांच्या जोडीतूनही जागा एकमेव ठरत नाही. तेथे विमानतळाचे किंवा रिसीव्हरचे स्थान घ्यावेच लागते.

दोन विमानांत चुकून एकच २४-बिटी पत्ता भरलेला असेल, तर याच टप्प्यावर आणखी एक विचित्र प्रकार दिसतो. एका विमानाचा सम आणि दुसऱ्याचा विषम संदेश जोडला जाऊन दोघांपैकी कोणीही नसलेल्या तिसऱ्याच ठिकाणी ठिपका उमटतो. पत्ता एकच, पण उड्डाणक्रमांक किंवा उंची आलटून पालटून बदलते आहे असे दिसले, तर आधी ही शक्यता तपासावी.

टप्पा ४: विमान स्वतःच्या अचूकतेविषयी काय सांगते

प्रत्येक विमान स्थानाबरोबर काही दर्जा-निर्देशांकही पाठवते. एनएसीपी हा अचूकतेविषयी बोलतो. त्याचे मूल्य ८ असेल, तर स्थान ९५ टक्के वेळा ०.०५ सागरी मैलाच्या आत आहे असा दावा असतो. एनआयसी हा विश्वासार्हतेच्या वर्तुळाविषयी बोलतो, आणि मूल्य ७ असताना त्या वर्तुळाची त्रिज्या ०.२ सागरी मैलाहून कमी असते. सूचना न मिळता स्थान या वर्तुळाबाहेर जाण्याची शक्यता किती, हे एसआयएल सांगतो. त्याची ३ ही सर्वोच्च पातळी असून ती एक कोटीत एक इतकी शक्यता दर्शवते. अमेरिकेच्या १४ सीएफआर ९१.२२७ या नियमात एनएसीपी किमान ८, एनआयसी किमान ७, एसडीए (प्रणालीच्या रचनेच्या खातरीचा निर्देशांक) किमान २ आणि एसआयएल ३ अशी अपेक्षा आहे. स्वतःची मोजपट्टी ठरवायची नसेल, तर सुरुवातीला ही वापरायला हरकत नाही.

येथे दोन गोष्टी हमखास चुकतात. पहिली म्हणजे विमान एडीएस-बी मानकाची कोणती आवृत्ती वापरते हे न पाहणे. एकाच बिटांचा अर्थ आवृत्ती ०, १ आणि २ मध्ये वेगवेगळा लागतो, आणि आवृत्ती स्थानाच्या संदेशात नसते. ती ३१ या प्रकारसंकेताच्या (संदेशाचा प्रकार सांगणाऱ्या आकड्याच्या) स्थितीदर्शक संदेशात असते. तो संदेश मिळेपर्यंत आवृत्ती ० धरावी. एनआयसीची पूरक माहितीही अंशतः त्याच संदेशात असते, त्यामुळे केवळ स्थानसंदेशावरून काढलेला एनआयसी अपुरा ठरू शकतो.

दुसरी चूक अधिक गंभीर आहे: उंच निर्देशांक पाहून पडताळणी झाली असे मानणे. उपग्रह-संकेतांची बनावट केली गेली असेल, तर विमानातील रिसीव्हर चुकीचे स्थान अगदी प्रामाणिकपणे आणि उत्तम दर्जासह पुढे पाठवू शकतो. संदेश विमानाऐवजी दुसऱ्याच कोणी प्रसारित केला असेल, तर निर्देशांकही त्यानेच लिहिलेले असतात, कारण एडीएस-बी संदेशावर पाठवणाऱ्याची ओळख सिद्ध करणारी कोणतीही खूण नसते. निर्देशांक कमी असेल तर अहवालावर विसंबू नये, इतकाच निष्कर्ष पक्का काढता येतो. एनआयसी शून्यावर आला, तर विमान सुटे जडत्वीय स्थान (उपग्रहांविना, स्वतःच्या हालचालींच्या मोजमापावरून काढलेले) पाठवत असण्याची शक्यता असते. ते स्थान हळूहळू सरकत जाते, उडी मारत नाही.

टप्पा ५: अहवाल स्वतःशी सुसंगत आहे का

या टप्प्यासाठी दुसरा स्रोत लागत नाही. लागोपाठच्या स्थानांवरून काढलेला वेग आणि दिशा यांची तुलना १९ प्रकारसंकेताच्या वेगसंदेशाशी करावी. स्थानाचे संदेश सरासरी सेकंदाला दोनदा येतात, आणि दोन शेजारच्या संदेशांवरून वेग काढण्याचा मोह येथे होतो. तो टाळावा. नोंदीच्या वेळेत ०.१ सेकंदाची अनिश्चितता असली, तरी २५ मीटरचा फरक पडतो. तो अर्ध्या सेकंदाने भागला की १०० नॉटच्या आसपास खोटा वेग तयार होतो. १० ते १५ सेकंदांची खिडकी घेतली तर हा गोंगाट बसतो. वेगसंदेशाचा उपप्रकारही पाहावा. उपप्रकार १ मध्ये जमिनीसापेक्ष वेग असतो, तर ३ मध्ये हवेसापेक्ष. हवेसापेक्ष वेगाची अशी तुलना केल्यास दिसणारा फरक केवळ वाऱ्याचा असतो.

त्यानंतर क्षितिजाची चाचणी घ्यावी. अँटेनाची आणि विमानाची उंची फुटांत घेऊन प्रत्येकीचे वर्गमूळ काढावे, दोन्हींची बेरीज करावी आणि तिला १.२३ ने गुणावे. येणारा आकडा म्हणजे सागरी मैलांतील अंदाजे रेडिओ-क्षितिज. अँटेना ३० फुटांवर आणि विमान १,००० फुटांवर असल्याचा दावा असेल, तर हे अंतर सुमारे ४६ सागरी मैल येते. तेच विमान १५० मैलांवर असल्याचे सांगत असेल, तर दावा आणि प्रत्यक्ष ऐकू येणे यांचा मेळ बसत नाही. हवेच्या असामान्य थरांमुळे क्वचित लहरी दूरवर वळून येतात. पण तशा वेळी एकच नव्हे, त्या दिशेची अनेक विमाने नेहमीपेक्षा दूरवरून ऐकू येतात.

इशारा: एडीएस-बीमधील वायुदाबीय उंची आणि दुय्यम रडारने विचारून घेतलेली उंची सामान्यतः एकाच उपकरणातून येतात. त्या जुळल्या म्हणून उंची पडताळली गेली असे होत नाही. उपग्रहावर आधारलेली भौमितिक उंची वेगळ्या मार्गाने येते, मात्र ती १०१३.२५ हेक्टोपास्कल दाबाशी बांधलेली नसते. दोहोंत शेकडो फुटांचा फरक असणे स्वाभाविक आहे. पाहायचे ते त्या फरकात अचानक झालेले बदल, आणि तेही शेजारच्या विमानांशी ताडून.

टप्पा ६: स्वतंत्र मोजमापाशी तुलना

आता, आणि आताच, रडारचा ठिपका काढावा.

१. दोन्ही स्थाने एकाच क्षणावर आणा. रडारचा फेरा ४ ते १२ सेकंदांचा असतो, म्हणून रडारच्या प्रत्येक मोजमापाच्या क्षणी एडीएस-बीचे स्थान किती होते ते आजूबाजूच्या अहवालांमधून काढावे. याच्या उलट करू नये, कारण विरळ मोजमापांमधून काढलेले अंदाज वळणांवर चुकतात.

२. रडारचे तिरके अंतर जमिनीवरील अंतरात बदला. ३५,००० फुटांवरील विमान रडारपासून जमिनीवर १० सागरी मैल असेल, तर रडारला ते ११.५ मैलांवर दिसते. ही दुरुस्ती राहिली, तर रडारच्या जवळची सर्व विमाने संशयित ठरतात.

३. सहनमर्यादा वर्तुळाऐवजी लंबवर्तुळाची घ्या. समजा, रडारची अंतरातील प्रमाणत्रुटी ३० मीटर आणि दिगंशातील ०.०८ अंश आहे. १०० सागरी मैलांवर दिगंशाची त्रुटी ०.१४ मैल होते, तर अंतराची ०.०१६ मैलच राहते. एनएसीपी ८ असलेल्या विमानाचा वाटा, म्हणजे प्रमाणत्रुटी सुमारे ०.०२ मैल, यात मिळवून तिप्पट मर्यादा घेतली, तर आडव्या दिशेने ०.४२ मैलाचा फरक चालतो, मात्र अंतराच्या दिशेने ०.०८ मैलाच्या पुढे शंका घ्यायला हवी. सरसकट अर्ध्या मैलाचे वर्तुळ घेणारा विश्लेषक अंतरातील खरे दोष पाहतच नाही.

४. फरक एका विमानाचा की सर्वांचा, ते वेगळे करा. सर्व विमानांत दिगंशाचा फरक सारखाच येत असेल, तर रडारची उत्तर दिशा चुकलेली आहे. एकाच विमानात अंतराचा फरक कायम असेल आणि तो शंभर मीटरांच्या आतला असेल, तर ट्रान्सपाँडरच्या (रडारच्या प्रश्नाला उत्तर देणाऱ्या विमानातील उपकरणाच्या) उत्तराला लागणाऱ्या विलंबाचा विचार करावा. जुन्या पद्धतीच्या उत्तरात अर्ध्या मायक्रोसेकंदापर्यंतची सूट मान्य असते आणि ती अंतरात ७५ मीटर होते. फरक विमानाच्या मार्गाच्या दिशेने असेल आणि वेगाच्या प्रमाणात वाढत असेल, म्हणजे २४० नॉटला १२५ मीटर आणि ४८० नॉटला २५० मीटर, तर तो एका सेकंदाचा विलंब आहे. अशा वेळी टप्पा १ कडे परतावे.

रडार नसेल, तर संदेश वेगवेगळ्या रिसीव्हरवर पोहोचण्याच्या वेळांतील फरक वापरता येतो. संदेशात काय लिहिले आहे याच्याशी या मोजमापाचा संबंध नसतो, तो कोठून निघाला याच्याशीच असतो, आणि त्यामुळेच ते मोलाचे आहे. स्थान काढायला उंची माहीत असताना तीन आणि नसताना चार रिसीव्हर लागतात. पण दावा खोटा ठरवायला दोनही पुरतात, ही गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. सांगितलेल्या स्थानावरून दोन्ही अँटेनांपर्यंतचे अंतर काढावे, त्यांच्या फरकाला प्रकाशाच्या वेगाने भागावे आणि प्रत्यक्ष कालफरकाशी ताडावे. घड्याळे १०० नॅनोसेकंदांपर्यंत जुळलेली असताना तफावत कित्येक मायक्रोसेकंदांची असेल, तर संदेश सांगितलेल्या ठिकाणाहून निघालेला नाही. तफावत नसेल, तर इतकेच कळते की दावा खोडता आला नाही, कारण तोच कालफरक देणारी इतर ठिकाणेही असतात.

तपासणी: रिसीव्हरची घड्याळे कशावर चालतात ते पाहा. ती उपग्रह-संकेतांवर चालत असतील आणि हस्तक्षेप रिसीव्हरच्या परिसरातच असेल, तर ज्याची परीक्षा घ्यायची तोच परीक्षक झाला आहे. माहीत असलेल्या जागी बसवलेल्या संदर्भ-ट्रान्सपाँडरचे संदेश अशा वेळी घड्याळांची खातरी करून देतात.

एकाच प्रदेशातील अनेक विमाने एकाच वेळी आपापल्या मार्गांवरून सरकून एखाद्या ठिकाणी एकवटत असतील किंवा गोल फिरताना दिसत असतील, तर उपग्रह-संकेतांत हस्तक्षेप झाल्याची शक्यता सर्वांत आधी धरावी. एकटेच विमान वेगळे वागत असेल, आणि त्याच्या जागी रडारला दुसरे काहीही दिसत नसेल, तर प्रश्न वेगळा आहे: तेथे विमान आहे का?

टप्पा ७: शेरा आणि नोंद

बरोबर आणि चूक असे दोनच शेरे ठेवू नयेत. स्वतंत्र मोजमापाशी जुळलेला अहवाल, स्वतंत्र मोजमापाने खोडलेला अहवाल, अंतर्गत विसंगतीमुळे संशयित अहवाल आणि पडताळता न आलेला अहवाल असे चार प्रकार वेगळे ठेवावेत. चौथा प्रकार संख्येने सर्वांत मोठा निघाला, तर तो तसाच लिहावा. स्वतंत्र स्रोताच्या टापूबाहेरील विमानांना 'बरोबर' म्हणून खपवल्यास सगळ्या आकडेवारीचा अर्थच बदलतो.

नाकारलेले संदेश पुसू नयेत. प्रत्येकापुढे तो कोणत्या टप्प्यावर आणि कोणत्या चाचणीत नापास झाला ते लिहावे, वापरलेली सहनमर्यादा आणि डिकोडरची आवृत्तीही नोंदवावी. एकच २४-बिटी पत्ता वेगवेगळ्या दिवशी त्याच चाचणीत अडकत असेल, तर विमानातील बसवणीचा दोष असण्याची शक्यता वाढते आणि विमानकंपनीकडे किंवा नियामकाकडे द्यायची तक्रार याच नोंदींवर उभी राहते. तक्रारीत कच्चे संदेश, त्यांच्या वेळा आणि तुलनेसाठी घेतलेल्या स्रोताचे नाव जोडावे. नकाशाचे छायाचित्र तेवढे पाठवल्यास दुरुस्ती करणाऱ्या अभियंत्याच्या हाती काहीच लागत नाही.